प्राथमिक फेरीतल्या बाई

जर्मनीत डार्मश्टाटला आमच्या खालच्या मजल्यावर एक अमेरिकन बाई राहतात. साठी ओलांडलेली, उंच, बारीक कापलेले पांढरे केस. तरुणपणी त्या अमेरिकेच्या संघातून धावायच्या, शंभर मीटर आणि रिले. हे मला कळलं ते ट्राम चुकली तेव्हा. ट्राम समोर उभी होती, मी पळत सुटले, आणि बाई मात्र पिशवी सावरत म्हणाल्या, "दुसरी येईल." त्यांचे जर्मन यजमान मला म्हणाले, "पिस्तुलाचा बार झाल्याशिवाय ही धावत नाही."

नंतर चार वर्षांत मी त्यांना त्या धावण्याबद्दल काही विचारलं नाही. उगाच खाजगीत कशाला शिरा, असा माझा शहाणपणा. मग पुण्याहून तीन महिन्यांसाठी सासूबाई आल्या. रविवारी खालच्यांनी आम्हाला कॉफीला बोलावलं आणि खुर्चीत टेकता टेकताच सासूबाई मला म्हणाल्या, "विचार त्यांना, पहिला नंबर आला होता का कधी?"

"आई, असं एकदम..."

"अगं, विचार तर. धावणाऱ्या बाईला दुसरं काय विचारणार?"

मी विचारलं. बाईंनी कप खाली ठेवला आणि सांगायला लागल्या. एका मोठ्या जागतिक स्पर्धेत रिलेच्या प्राथमिक फेरीत त्या तिसऱ्या टप्प्यावर धावल्या होत्या, वळणावर. संघ अंतिम फेरीत गेला. अंतिम फेरीच्या दिवशी सकाळी प्रशिक्षकांनी सांगितलं, आज तुझ्या जागी दुसरी धावेल, ती सध्या जास्त वेगात आहे. बाई मांडीवर बॅग घेऊन प्रेक्षकांत बसल्या. संघ जिंकला. नियमाप्रमाणे पदक त्यांनाही मिळालं, पण ते नंतर हॉटेलच्या जिन्यात, प्रशिक्षकांनी हातात ठेवलं. पुढे दोन हिवाळे त्या जर्मनीत धावायला आल्या, मांडीचा स्नायू फाटला आणि सगळं संपलं. उपचार केले ते याच यजमानांनी.

"स्नायू सहा आठवड्यांत बरा झाला होता," यजमान म्हणाले. "ही मात्र सहा महिने येत राहिली."

मी सगळं मराठीत सांगितलं. सासूबाईंनी मान डोलावली. "म्हणजे स्वयंपाक हिने केला आणि वाढायला दुसरी आली."

हे इंग्रजीत सांगावं की गिळून टाकावं, मला कळेना. शेवटी चाचरत सांगितलं. बाई अशा हसल्या की नॅपकिनने डोळे पुसावे लागले. "गेनाऊ! अगदी बरोबर!" म्हणाल्या. "मग त्यांना विचार, जेवण कोणाचं म्हणायचं?"

"जिने रांधलं तिचं," सासूबाई म्हणाल्या. "पण वाढणारीलाही नावं ठेवू नयेत. तिने काही सांडलं नाही ना?"

"नाही. बॅटन नीट पोचलं."

"मग झालं तर. ते पदक कुठंय?"

पदक स्वयंपाकघराच्या खणात होतं, नाताळच्या बिस्किटांच्या साच्यांखाली. सासूबाईंनी ते तळहातावर तोलून पाहिलं. "गळ्यात कोणी घातलं होतं?"

"कोणीच नाही."

सासूबाई उठल्या. त्या जेमतेम पाच फूट, त्यामुळे बाईंना चांगलंच वाकावं लागलं. फीत बाईंच्या चष्म्यात अडकली, ती मी सोडवली. यजमानांनी घाईघाईने फोटो काढला; त्यात बाईंचे डोळे मिटलेले आणि सासूबाई पदकाकडे नाही, फितीला पडलेल्या डागाकडे बघताहेत. बाईंनी दुपारभर ते पदक काढलं नाही. त्याच वेषात आम्हाला केकचा दुसरा तुकडा वाढला.

चार दिवसांनी त्या मला जिन्यात भेटल्या. तो फोटो त्यांनी त्या दुसरीला, अंतिम फेरीत धावलेलीला, अमेरिकेत पाठवला होता. इतक्या वर्षांत त्यांचं एकमेकींशी धड बोलणं नव्हतं. तिचा लगेच फोन आला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, मला कायम वाटायचं तू माझ्यावर रागावली आहेस."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, होतेच रागावलेली."

त्यानंतर दोघी दीड तास बोलल्या. बहुतेक वेळ गुडघ्यांबद्दल.