उळवीच्या वाटेवर आईनं विणलेली बुट्टी

बाबा गेल्यापासून आई फारसं बोलत नव्हती. एका सकाळी चहा पिताना एकदम म्हणाली, "मला उळवीला जायचंय." लहानपणी खानापूरजवळच्या गावाहून ती बैलगाडीनं डोंगरातल्या त्या देवस्थानाच्या जत्रेला गेली होती, पण वरची गुहा बघायची राहिली होती. चार दिवसांत आम्ही दोघी पुण्याहून निघालो.

बेळगावात मुक्काम करून सकाळी सहाला गाडी काढली. खानापूर, रामनगर, जोयडा, मग गुंदवरून उळवी. पेट्रोल आणि नाश्ता रामनगरातच उरका. पुढे जंगल दाट होत जातं आणि फोनची रेंज जाते. एप्रिल असूनही झाडांखाली चक्क गारवा होता.

बाराव्या शतकात कानडी मुलखातल्या कल्याणची धुमश्चक्री मागे टाकून शरण, म्हणजे लिंगायत संत, या डोंगरात आले, अशी इथली श्रद्धा. देवळात मराठी आणि कानडी एकाच रांगेत ऐकू येतं. दर्शन झालं, पंगतीत भात-आमटीचा प्रसाद घेतला. असा चविष्ट भात मी कित्येक दिवसांत खाल्ला नव्हता.

गुहेच्या चढावर मात्र आईचे गुडघे बोलू लागले. ती एका दगडावर बसली. "तू जाऊन ये. मी आहे इथं."

मी गेले. आत थंडगार अंधार, पाण्याची टिपटिप. अर्ध्या तासानं परतले तर दगडावर आई नव्हती!

हाका मारल्या. चढाची वाट मी धावतच उतरले. खाली एका घरासमोर हसण्याचा आवाज आला. अंगणात आई मांडी घालून बसली होती, हातात बांबूच्या पट्ट्यांची अर्धवट विणलेली बुट्टी, म्हणजे टोपली. शेजारी घरमालकीण, साठीच्या लक्ष्मीबाई.

"अगं, वला बांबू घे की! वाळलेला मोडतोय," आई तिला सांगत होती.

"व्हय अक्का, हात चांगला बसलाय तुमचा. माहेरी शिकलासा?"

"भाताची कामं सरली की आमच्या घरात समदी बुट्ट्या विणायची. माझा बा, आप्पा, तर डोळं झाकून विणायचा."

मी रागवायलाच आले होते, पण तशीच उभी राहिले. आईची ही बोली मी कधी ऐकलीच नव्हती. "हे मला कधी सांगितलं नाहीस," मी म्हणाले.

"कुणी विचारलंच न्हाई," ती म्हणाली, मान वर न करता.

लक्ष्मीबाईंनी बरणीतून लालभडक रसाचा पेला भरून दिला. भिरंडं, म्हणजे कोकमं, साखरेत मुरवलेली. "जुनी बरणी हाय. वाईनच म्हणा, जरा चढंल," त्या म्हणाल्या. आंबटगोड, किंचित जिभेला चावणारी. आईनं दोन पेले रिचवले आणि उरलेली बुट्टी संध्याकाळपर्यंत पूर्ण केली. मला वाटलं ती सोबत नेईल. तिनं ती लक्ष्मीबाईंच्या ओसरीवर ठेवली. "बांबू तिचा हाय," एवढंच म्हणाली.

उळवीला जाल तर गुहा जरूर बघा. मला आता ती नीट आठवतही नाही. पुण्यात आल्यापासून रोज भाजी निवडताना मी आईला एकेक विचारते: आप्पा कसे दिसायचे, घरात कोण कोण होतं. ती त्याच बोलीत सांगते. काही शब्द मला कळत नाहीत. मी थांबवून अर्थ विचारते, आणि ती पहिल्यापासून सांगायला लागते.