शेंदूर खाल्लेलं विमान

दत्ताजी भापकराच्या घराला तीन पिढ्या लिदीचा वास. आजा साताऱ्याकडनं बडोद्याच्या फौजेत आला. बाप सरदार श्रीपतरावांच्या पागेत नाल ठोकता ठोकता म्हातारा झाला. दत्ताजीच्या वाट्याला मात्र घोडं आलंच नाही. सरदारांनी घोडी विकून मोटार घेतली, आणि महाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरीअखेरीला दोन माणसांचं एक विमानही आणलं. छाणीच्या वाटेवर जिथं पूर्वी घोडी फिरवायची, तिथंच ते उतरायचं. त्याच्या पत्र्याच्या छपराला लोक विमानाची पागा म्हणायचे. पागा म्हटल्यावर भापकर आलाच.

मोटारीवर हात बसलेला होता, म्हणून विमानाची देखभाल दत्ताजीकडं आली. नेमणूक काही पक्की नव्हती. जुन्या पागेतली बापाची खोली तेवढी राहायला होती, तीही सरदारांच्या मर्जीवर.

त्या पावसाळ्यात सरदारांनी विमानात रेडिओ बसवून घेतला. बसवायला मुंबईचा माणूस आला होता. जाताना तो दत्ताजीला बजावून गेला, "ह्या तांब्याच्या पट्ट्या बघ. विमानातलं सगळं लोखंड ह्यांनी एकमेकाला बांधलंय. एक तुकडा जरी सुटा पडला तरी रेडिओ खरखरेल." दत्ताजीनं मान हलवली. दसऱ्यापर्यंत रेडिओ सुरेख वाजला.

भापकरांची पागेतली एक रीत होती. खंडेनवमीला लगामाची कडी न् कडी सोडायची, सांध्यात तेलातला शेंदूर भरायचा आणि पुन्हा आवळायची. हत्याराची पूजा होते आणि वर्षभर कडी कुरकुरत नाही. बापानं हेच केलं, आज्यानं हेच केलं. दत्ताजीनं विमानाला काय कमी करावं? खिळा दिसला तिथं बोट लावलं, पट्टी दिसली तिथं सोडून आत शेंदूर भरला. सरदारांच्या मातोश्री कुसुमावतीबाई, म्हणजे आईसाहेब, पूजेला आल्या आणि बघतच राहिल्या. "बापाच्या वळणावर गेलास रे," म्हणाल्या, आणि सगळ्यांदेखत त्याच्या डोक्यावर मानाचा जरीचा मंदील ठेवला.

दसऱ्यानंतर सरदार उडाले, ते तोंड वाकडं करूनच उतरले. "दत्ताजी, रेडिओत कुणी लाह्या भाजतंय का रे? गाणं चाललंय का भांडण, काही कळत नाही."

"बघतो, सरकार."

"बघ. दिवाळीच्या पाडव्याला मुंबईचे पाहुणे येतायत. त्यांना हवेत बसवून रेडिओ ऐकवणार आहे मी. तोवर खरखर गेली तर तू कायमचा मिस्त्री, आणि खोली तुझी. नाही गेली तर मुंबईचा माणूस ठेवीन. त्याला खोली लागेल."

इंजिन बंद असलं की मुंबईचं गाणं लख्ख ऐकू यायचं, चालू केलं की लाह्या. म्हणजे इंजिनाच्या ठिणगीचीच खोड, असं त्यानं धरलं. प्लग बदलले, प्लगांच्या तारा बदलल्या, त्यांच्यावरची जाळी पुन्हा गुंडाळली. पंखापासून शेपटापर्यंत ताणलेली रेडिओची तार उतरवून पुसली. लाह्या काही थांबल्या नाहीत.

एके दुपारी इंजिन बंद ठेवून तो रेडिओच्या ऐकायच्या डब्या कानाला लावून बसला होता. वाऱ्याची वावटळ आली, विमान डुललं, आणि कानात खर्रर्र झालं. तो ताडकन उठला. इंजिन बंद असताना ठिणगी आली कुठनं? बायको रखमा भाकरी घेऊन आली होती. त्यानं तिथनंच हाक मारली, "रखमे, ते शेपूट धरून हलीव."

"म्हशीवानी पिळू का? लाथ मारंल की मला."

"हलीव म्हणतो ना! आता पंखाचा दांडा. आता त्याच्या बुडाची पट्टी."

"अवं, बाईमाणसाला इमान हलवाया लावता, लोक काय म्हनतील?"

"गप. पुन्यांदा हलीव, तीच पट्टी."

पट्टीला हात लागला की खर्रर्र, सोडला की गाणं. त्यानं पट्टी सोडली. आत तांबं दिसेचना. लाल, वाळलेला शेंदराचा थर होता, आणि त्यावर त्याच्याच बोटाचा ठसा. दुसरी पट्टी सोडली, तीही तशीच. विमानाचं सारं लोखंड त्यानं आपल्या हातानं एकमेकापासून तोडलं होतं.

"पुसून टाका की," रखमा म्हणाली.

"खंडेनवमीचा शेंदूर हाय. वर्षाच्या आत हात लावायचा नसतो."

"मग खोली सोडायची का?"

तो सरळ सरदारांकडं गेला आणि खरं ते सांगितलं. सरदार खो खो हसले. "शेंदूर? लेका, पूस की!"

"आईसाहेब काय म्हणतील, सरकार?"

"मी आहे ना."

दत्ताजीनं काचकागद घेऊन सांधा न् सांधा सोन्यासारखा उजळला. पाडव्याला विमान उडालं. खाली उतरलेला पाहुणा म्हणाला, बाई कानाशी बसून गात होती. सरदारांनी दत्ताजीच्या पाठीवर थाप मारली. तेवढ्यात आईसाहेब विमानाला ओवाळायला आल्या. निरांजनाच्या उजेडात तांबं चकाकलं आणि त्यांचा हात थांबला.

"शेंदूर कुणी खरवडला?"

सरदार हातमोजे काढू लागले. एकेक बोट, सावकाश.

"दत्ताजी, तुला विचारते आहे. मी मंदील ठेवला ते डोकं हेच का?"

दत्ताजीनं सरदारांकडं पाहिलं. 'मी आहे ना' म्हणालेले सरदार आता दुसरा हातमोजा काढत होते. पाहुणे विमानाभोवती फिरत होते. शेवटी सरदार म्हणाले, "आई, तुम्ही त्रास करून घेऊ नका. मी बघतो."

त्यांनी बघितलं ते असं: तुळशीच्या लग्नाआधी खोली रिकामी झाली. मंदील मागायला गडी आला, तर रखमानं तो कणगीवर झाकण म्हणून घातला होता. तिनं झटकला आणि दिला. बिऱ्हाड शहरातल्या घडियाळी पोळात, गुजरात्यांच्या अरुंद गल्लीत आलं. दत्ताजी उंबऱ्यावर बसून स्टो दुरुस्त करू लागला.

पुढच्या दसऱ्यानंतर पोळाच्या तोंडाशी मोटार थांबली. सरदार स्वतः उतरले, नाकाला रुमाल लावून.

"दत्ताजी, पुन्हा लाह्या. नव्या मिस्त्रीला काही उमगत नाही."

"शेंदूर कुणी भरला?"

"आईसाहेबांनी समोर उभं राहून भरून घेतला. तू ये, गुपचूप साफ करून जा. काय हवं ते माग."

"येतो, सरकार. आईसाहेबांम्होरं एवढंच म्हणा, गेल्या साली दत्ताजीला पुसायला मीच सांगितलं होतं."

सरदारांनी पोळाच्या तोंडाकडं पाहिलं, मोटारीकडं पाहिलं. "आईचं वय झालंय रे," म्हणाले.

"माझा बाप बी त्याच वयात गेला, सरकार. पागेतच." दत्ताजीनं स्टोची पिन घेतली आणि खाली मान घातली. मोटार गेली.

त्या रविवारी विमान पोळावरनं गेलं. गुजराती शेजारी एकमेकाला बघ बघ म्हणत गच्चीवर धावले, "जो, जो, विमान!" दत्ताजीनं मान वर केली नाही. रखमा दारात उभी राहून आभाळाकडं बघत होती.

"चालला बघा तुमचा सरदार," ती म्हणाली, "लाह्या खात."

दत्ताजी हसला नाही. हातातला स्टो पेटत नव्हता, तो पुन्हा पंप मारू लागला.