अळवातली चिंबोरी

आमच्या कोपरखैरणे गावातल्या घरात, वरच्या मजल्यावर, ट्रिनिदादची एक तरुणी भाड्याने राहत होती. तिची नोकरी महापेला होती. एका रविवारी संध्याकाळी परसातला अळू बघून ती थबकली आणि मला इंग्रजीत म्हणाली, "याचं आमच्याकडे कॅलालू करतात, खेकडा घालून."

मी आईला सांगितलं. आईने लगेच जेवणासाठी आणलेल्या चिंबोऱ्या तिच्यापुढे केल्या. ती एकाच टोपात अळू, भेंडी, नारळाचं दूध आणि चिंबोऱ्या शिजवायला लागली, तशी आई अस्वस्थ झाली.

"बाय, चिच टाक, नायतर घसा खाजंल!"

ढवळता ढवळता ती आपल्या आजीबद्दल सांगत होती आणि आईसाठी माझं भाषांतर चालू होतं. आजीच्या पूर्वजांना इंग्रजांनी आफ्रिकेतून गुलाम करून उसाच्या मळ्यावर नेलेलं, आणि आजोबांचे पूर्वज बिहारमधून मजुरीच्या करारावर गेलेले. लग्नानंतर आजीने सासूला कॅलालू शिकवलं आणि सासूने आजीला रोटी.

"आनि भांडन नाय झालं?" आईने विचारलं.

"रोज!" ती हसत म्हणाली.

आईने आधी बोटाने चाखलं. मग भातावर दोनदा वाढून घेतलं. "तुजी आजी हाय का अजून?"

तिने तिथेच आजीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे अजून सकाळ होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आईने चिंबोरीची नांगी फोनसमोर धरली, तर आजीने टाळ्या वाजवल्या. आमच्या ताटातला भात निवला, तरी त्या दोघींचं बोलणं चालूच होतं.