जित्या माणसाचं चित्र

आमच्या भटवाडीत कुणी गेलं की घरचे लोक फोटो घेऊन सहदेवकडे धावत. तेराव्याला भिंतीवर लावायचं चित्र तो तैलरंगात करून द्यायचा. पडलेले दात भरायचा, खप्पड गाल वर आणायचा. मेलेला माणूस जिवंतपणी कधी दिसला नसेल इतका देखणा दिसायचा. जित्या माणसाचं चित्र मात्र काढायचं नाही, हा त्याचा नेम. काढलं की वर्षाच्या आत हार चढतो म्हणे.

त्याची बायको मालन माझी शेजारीण आणि मैत्रीण. "माझा चित्र कधी काढतलात?" असं ती हौसेनं विचारायची, आणि हा "खुळावलंस काय गो?" म्हणून खेकसायचा.

चौऱ्याऐंशी साली अंधेरीच्या मृणालिनीबाईंनी त्याला 'आर्टिस्ट' म्हटलं आणि स्वारी विरघळली. बाईंना त्यांच्या अल्सेशियन कुत्र्याचं चित्र हवं होतं, तेही समोर बसवून. रविवारमागून रविवार सहदेव बंगल्यावर. घरी आला की तेच पुराण: केस जिकडे वळतात तिकडेच कोरडा ब्रश ओढायचा, ओल्या नाकावर निळसर उजेड द्यायचा, डोळ्यातला पांढरा ठिपका सगळ्यात शेवटी. खोटं कशाला बोलू, चित्र मी पाहिलंय. हात लावला तर चावेल असं वाटायचं.

"तो कुत्रो जितोच आसा मां? मग माकाच कित्याक नाय?" मालननं विचारलं.

"कुत्र्याक कोण हार घालता?"

"मग घटकाभर माकाय कुत्रो समजा."

सहदेव हसला. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला.

पुढच्या पावसाळ्यात मालन काविळीनं गेली. नेम पाळून काय मिळालं? तिचा एकुलता एक फोटो बहिणीच्या लग्नातला, घोळक्यातला, काळा-पांढरा. त्यावरून सहदेवनं चेहरा मोठा केला, कपाळावरची बट न् बट उतरवली, मंगळसूत्राचे मणी उठवले. तेरावं उद्यावर आलं तेव्हा तो हातात ब्रश घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

"राधावहिनी, मालनचे डोळे कसले होते? काळे की घारे?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं तिच्या हातचं जेवला हा माणूस!

"घारे," मी म्हटलं. "आणि त्या कुत्र्याचे?"

"तपकिरी," तो लगेच म्हणाला. "उजव्यात पिवळा ठिपका."

मग आपण काय बोललो ते त्याला कळलं, आणि तो तिथंच उंबऱ्यावर बसला.