दोन फूट वजा करणारं शहर

भाऊजी,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, वहिनी, या शहरावरच्या तुमच्या पुस्तकात मी आहे का म्हणून. आहात. पण नुसतं कौतुक करणार नाही, आधीच सांगते.

एकतीस वर्षं तुम्ही जुन्या पुलाशेजारच्या कपाटाएवढ्या खोलीत बसून नदी मोजलीत. काम काय, तर पुलाच्या मधल्या खांबावर रंगवलेले फुटांचे आकडे दुर्बिणीतून वाचायचे, वहीत लिहायचे आणि ऑफिसात फोन करायचा. पाणी एकोणीसला लागलं की खालची गल्ली रिकामी करायची, हा नियम. लोक तुम्हाला फूटपट्टी म्हणायचे आणि तुम्ही खुशाल ओ द्यायचात.

तुमचा दोष एकच, तोंड. समोर कोणी थांबलं की शहर सुरू. आधी इथे फक्त होड्या होत्या. मग वरच्या अंगाला कापड रंगवणारे आले आणि नदी एक दिवस निळी, एक दिवस लाल वाहायला लागली. मग लाकडाच्या वखारी, मग पूल. होडीवाले सहा महिने पुलावर पाय ठेवेनात. शेवटी त्याच पुलाच्या खांबात लोखंडी कडी ठोकून त्यांनी होड्या बांधल्या. पूर आला की हे शहर वरच्या रस्त्यावर चढतं, ओसरला की खाली येऊन तिथेच दुकान मांडतं. शहाणं होत नाही. हे सगळं मला पाठ आहे, कारण पोळ्या करताना पळून जाता येत नाही.

त्या उन्हाळ्यात आकडे नव्याने काढायला पेंटर आला. शिडी तुम्ही धरलीत आणि त्याला होडीवाल्यांची गोष्ट लावलीत. नदी इतकी आटली होती की खांबाचा एरवी पाण्यातच असणारा दोन फूट दगड उघडा पडला होता. पेंटरला काय ठाऊक. त्याने जुने आकडे घासून काढले आणि शून्य तळापासून धरला. तुम्ही वर पाहिलंत ते शेवटचा आकडा वाळल्यावर.

ऑफिसात सांगितलं नाहीत. मला सांगितलंत. पावसाआधी आपणच गुपचूप नीट करायचं ठरलं. रंगाचा डबा मी आणायचा, कारण तुम्ही बाजारात गेलात की संध्याकाळशिवाय परतत नव्हतात. तोवर तुम्ही दोन फूट वजा करून वहीत लिहीत राहिलात. मग तुमचे दादा जिन्यावरून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि रंग माझ्या डोक्यातून पार गेला.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी नदी चढली. दहा दिवस कूससुद्धा बदलायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि दुपारी बाराला आमच्या खालच्या गल्लीत दारात चार माणसं स्ट्रेचर घेऊन उभी. ऑफिसातल्या साहेबांनी स्वतः पुलावरून आकडा वाचला होता. एकोणीस. वरच्या रस्त्याला बेचाळीस पायऱ्या, त्याही ओल्या. सांधा निसटला तर हे पुन्हा चालणार नाहीत, आणि नाही हलवलं तर पाणी. मी उशी हातात धरून नुसती उभी.

तेवढ्यात तुम्ही आलात, एका पायात चप्पल, बगलेत जुन्या वह्या. मागून साहेब. माझ्यासमोरच तुम्ही त्यांना सगळं सांगितलंत. शिडी, गप्पा, दोन फूट. मग वही उघडलीत. वीस वर्षं दर पुराला तुमच्या अक्षरात एकच ओळ: कडी बुडाली, पंधरा.

"साहेब, आज सकाळी कडी बुडाली तेव्हा तुम्ही पुलावर होतात. आकडा किती होता?"

साहेबांनी वहीतली ओळ पुन्हा वाचली. "सतरा," म्हणाले. मग, "इतके दिवस काय करत होतात तुम्ही?"

"वजाबाकी, साहेब."

मला हसू आलं, भलत्या वेळी.

साहेबांनी माणसांना दारातच थांबवलं. दोन तास, म्हणाले. तुम्ही उंबऱ्यावर बसून गल्लीच्या टोकाकडे बघत राहिलात आणि जन्मात पहिल्यांदा अवाक्षर बोलला नाहीत. खांबावर वीस दिसले, म्हणजे खरे अठरा. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं, तिथे रेंगाळलं, आणि दोन वाजता एक ओला पट्टा मागे ठेवून खाली सरकलं. आतून तुमचे दादा झोपेतून उठून म्हणाले, "बाहेर कसली गर्दी आहे? त्याला म्हणावं, हळू बोल."

आपण दोघंही हसत सुटलो. साहेबांनी तुम्हाला कडक पत्र दिलं, नोकरी ठेवली. तुमचे दादा पुढे सोळा वर्षं चालले, काठीशिवाय.

आकडे मात्र तसेच आहेत. नव्या पुलावर आता मोजायचं यंत्र बसलंय, पण लोक अजून जुन्या खांबाकडे बघतात. एकोणीस दिसले की भाजीवालीसुद्धा म्हणते, सतरा आहे, बसा.

रंगाचं दुकान माझ्या वाटेवरच आहे, भाऊजी. कालही त्याच्यासमोरून आले. डबा काही आणला नाही.