भिंतीकडे तोंड करून बसलेले काका

काल पिंपळगावच्या औषधाच्या दुकानात वॉकर दिसला आणि अठ्ठ्याण्णव सालचं आमचं अंगण आठवलं. आईच्या मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. रोज चालली नाही, तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती पडली तर धरायला म्हणून थोरले काका अंगणात बसत. पण मोठ्या दिरासमोर डोक्यावर पदर हवा आणि वॉकरला दोन्ही हात लागत. पिन लावूनही पदर घसरला, की आई घरात परते.

चौथ्या दिवशी काकांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. "मला आता निस्ते पोपडे दिसत्यात. चाल तू." पाठमोरे बसून ते वॉकरचे ठोके मोजत.

"आज नऊच? काल अकरा होते."

"त्यातले दोन तुमच्या खोकल्याचे होते, भाऊ."

तेव्हा मला नुसतं हसू येई. आज वाटतं, तिचा निम्मा उपचार त्या खुर्चीने केला.

दोन महिन्यांनी काठी आली. आई काकांच्या मागे जाऊन उभी राहिली. "भाऊ, वळा आता. पदराला एक हात मोकळा झालाय."

"वळतो," काका म्हणाले, "पण आधी या भिंतीला रंग द्यायला सांग. लय वाईट दिसती."