अम्मीची पोत आणि माझं हेल्मेट

मागच्या महिन्यात साताऱ्यात भर रस्त्यात मी एका ट्रॅफिक पोलीसताईंवर तोंड टाकलं. आज त्यांच्याबद्दलच लिहितोय...

त्याच्या आधीच्या आठवड्यात अम्मी सकाळी भाजी आणायला गेली होती. अडुसष्ट वर्षांची आहे, पण भाजी स्वतः निवडून आणल्याशिवाय तिला चैन पडत नाही. परतताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाईकवरून दोघं आले आणि तिच्या गळ्यातली काळ्या मण्यांची पोत खेचून पळाले. अब्बांनी निकाहात घातलेली पोत... अब्बा जाऊन नऊ वर्षं झाली.

अम्मी पडली. कोपर सोलवटलं, मानेवर लाल वळ उठला. मी ठाण्यात गेलो, तर त्यांनी साधा अर्ज लिहून घेतला. सगळा स्टाफ बंदोबस्ताला गेलाय, काही कळलं तर फोन करू, असं सांगितलं. फोन काही आला नाही.

त्या दिवसापासून अम्मी उंबऱ्याबाहेर पडेना. घरातसुद्धा पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळून बसायची. गल्लीत बाईकचा आवाज आला की हातातलं काम थांबायचं. मी विचारलं की म्हणायची, काही नाही, गुडघे दुखतात...

अशात एक दिवस दुकान उघडायला निघालो होतो. माझं चष्म्याचं दुकान आहे. नाक्यावर पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं, चूक माझीच होती. पण तिथे चार पोलीस उभे बघितले आणि माझं डोकंच फिरलं.

समोर पांढऱ्या शर्टातल्या एक कॉन्स्टेबल ताई होत्या, तिशीच्या आसपासच्या. मी त्यांना म्हणालो, "माझ्या आईच्या गळ्यातली पोत ओढून नेली, तेव्हा तुमच्यातलं एक माणूस नव्हतं गल्लीत. आणि माझ्या हेल्मेटला चार जण?"

बाजूची माणसं बघायला लागली. ताईंनी शांतपणे गाडीचा फोटो काढला, चलन केलं. मग मशीन खाली घेऊन मला विचारलं,

"आई पडल्या का वं? लागलं का त्यांना?"

ठाण्यात पोतीचं वजन विचारलं होतं, पावती आहे का विचारलं होतं... हे कोणी विचारलं नव्हतं.

त्या म्हसवडच्या. म्हणाल्या की कुणी कुठे उभं राहायचं ते वरून ठरतं, त्यांच्या हातात नसतं. माझा राग खोटा नाही, असंही म्हणाल्या. "पर दादा, हेल्मेट नसल्यावर काय हुतं, ते रस्त्यावरनं आमीच उचलतो." मग घराचा पत्ता लिहून घेतला. मला वाटलं, मला गप्प करायला.

संध्याकाळी दारात त्याच उभ्या. वर्दी बघून अम्मी घाबरली, तिला वाटलं मीच काहीतरी करून आलो. ताईंनी बूट बाहेर काढले आणि सरळ तिच्याशेजारी खाली बसल्या. पोतीचं नाव काढलं नाही. आधी कोपर बघितलं, कोणतं मलम लावता ते विचारलं. मी चहा टाकायला आत गेलो.

स्वयंपाकघरात मला अम्मीचा आवाज ऐकू आला, आणि जे तिने मला एवढ्या दिवसांत सांगितलं नव्हतं ते ती त्यांना सांगत होती.

त्या पोरांनी आधी गाडी थांबवून तिला दवाखान्याचा रस्ता विचारला होता. कुणीतरी आजारी असेल म्हणून अम्मी पिशवी खाली ठेवून, हात करून रस्ता सांगत होती. तेवढ्यात मागच्याने हात घातला.

"मी त्याला बेटा म्हणाले गं," अम्मी म्हणाली. "मलाच अक्कल नाही."

मी गॅससमोर तसाच उभा राहिलो. तिला भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती, आणि मी रोज गुडघ्याच्या गोळ्या आणून देत होतो...

ताई म्हणाल्या, "चाची, तुमची काय बी चूक न्हाई. वाट इचारली तर माणूस सांगतंच. वाईट त्यो वागला, तुमी न्हाई."

अम्मी रडली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. ताईंनी तिचा हात हातात धरून ठेवला, घाई केली नाही. चहा पार थंड झाला.

दुसऱ्या दिवशी त्याच आमच्याबरोबर ठाण्यात आल्या. अम्मीने स्वतः सगळं सांगितलं आणि रीतसर गुन्हा दाखल झाला. त्यानंतर तीन दिवस ताई ड्युटीच्या आधी, साध्या ड्रेसमध्ये यायच्या आणि अम्मीला घेऊन मंडईत जायच्या. हे काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

पोत अजून सापडलेली नाही. नाक्यावर चार माणसं मिळतात, तर सकाळी गल्ल्यांतून एक गस्तही मिळायला हवी, हे माझं म्हणणं आजही आहे. तसं पत्र मी वरिष्ठांना दिलंय. गल्लीतल्या सगळ्यांनी सह्या केल्यात. हेल्मेटही घेतलंय, ते सांगायचं राहिलं.

चौथ्या दिवशी ताईंना बंदोबस्त लागला. अम्मी थोडा वेळ दारात उभी राहिली, मग पिशवी घेऊन एकटीच निघाली. मी न राहवून लांबून तिच्या मागे चालत होतो. वळणावर तिने मागे बघितलं आणि मला पकडलं.

"दुकान उघड जा," ती म्हणाली. "मी येते माझी."

ताई, तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पण माझी आई पुन्हा घराबाहेर पडली, ती तुमच्यामुळे... खूप आभार.